चार्ज दिला कोणाला?

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार. मावळात भातकापणी सुरू झाली होती, दिवाळी चार दिवसांवर आली होती, आणि गहुंजेच्या मैदानावर भारतीय संघाने तिसऱ्याच दिवशी न्यूझीलंडपुढे मान टाकली. ११३ धावांनी पराभव. २०१२ च्या अखेरीस इंग्लंडकडून हरल्यानंतर आपण मायदेशात एकही कसोटी मालिका गमावली नव्हती. बारा वर्षे आणि सलग अठरा मालिका. ती रांग पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या कडेला, आमच्या तालुक्यात येऊन तुटली. रोहित शर्माच्या धावा ० आणि ८. विराट कोहलीच्या १ आणि १७. त्यातला पहिल्या डावातला कोहली सँटनरच्या फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला. ज्या माणसाने पाच वर्षांपूर्वी ह्याच खेळपट्टीच्या चौकोनात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४ धावा काढल्या होत्या, त्याला फुलटॉस दिसू नये! सँटनरने सामन्यात तेरा बळी घेतले आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंत एकच चर्चा होती : आता ह्या म्हाताऱ्यांना काढा.

म्हातारे म्हणजे किती? अश्विन अडतीस, रोहित सदतीस, कोहली छत्तिशीला टेकलेला. आमच्या बँकेत ह्या वयाचा माणूस नुकता कुठे शाखाधिकारी व्हायचा आणि घरच्यांना वाटायचे, आता कुठे ह्याची खरी नोकरी सुरू झाली. असो. खेळाडूचे शरीर आणि बँकेतला माणूस ह्यांची तुलना करू नये हे मला कळते. पण ह्या लेखात मी ती एका बाबतीत करणार आहे, आणि ती बाब वयाची नाही.

त्या कसोटीत पराभवाच्या धुरळ्यात झाकली गेलेली एक गोष्ट घडली होती. पहिल्या दिवशी न्यूझीलंडचे दहाच्या दहा बळी दोन ऑफस्पिनरांनी घेतले, आणि दोघेही चेन्नईचे. पहिले तीन अश्विनने, उरलेले सात वॉशिंग्टन सुंदरने. सुंदरला बंगळूरच्या पराभवानंतर आयत्या वेळी बोलावून घेतले होते. एका टोकाला पाचशेहून अधिक बळी घेतलेला उस्ताद, दुसऱ्या टोकाला त्याच्याच गावचा, त्याच्याच जातकुळीचा पोरगा, आणि मधल्या चेंडूंवर दोघांची काहीतरी कुजबुज. कामाचे हस्तांतर असेच होते, काम चालू असताना. मला त्या दिवशी बरे वाटले होते. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. दोन महिन्यांच्या आत, १८ डिसेंबर २०२४ रोजी, मालिका निम्म्यावर असताना अश्विनने ब्रिस्बेनला निवृत्ती जाहीर केली. ७ मे २०२५ रोजी रोहितने कसोटी सोडली. त्यानंतर पाच दिवसांनी कोहलीने. तिघांच्या मिळून २९६ कसोट्या पाच महिन्यांच्या आत ड्रेसिंग रूममधून उठून गेल्या. शेवटच्या दोघांच्या बाबतीत तर मैदानही नव्हते. मोबाइलवर चार ओळी आल्या आणि संपले.

बँकेत माणूस असा जाऊ शकत नाही. म्हणजे मरू शकतो, पळून जाऊ शकतो. पण निवृत्त होणारा किंवा बदली झालेला अधिकारी चार्ज दिल्याशिवाय शाखेचा उंबरठा ओलांडत नाही. तिजोरीच्या चाव्या, रोकड, ड्राफ्टची कोरी पाने, कर्जदारांची कागदपत्रे, कोणत्या कागदांची मुदत संपत आली आहे त्याची यादी. देणारा एकेक वस्तू दाखवतो, घेणारा मोजतो, आणि दोघे सही करतात. हा झाला कागदावरचा चार्ज. खरा चार्ज त्यानंतर चहाच्या टपरीवर होतो. मावळातल्या शाखेत नवा माणूस आला की जुना त्याला सांगे : ह्या गुलाबवाल्याचा हप्ता जानेवारीत आला नाही तरी घाबरू नका, त्याची फुले व्हॅलेंटाइनला जातात, पैसे मार्चमध्ये येतील. तो भातवाला मात्र दिवाळीत भरतो. दिवाळी चुकली की समजा वर्ष चुकले. आणि तिसऱ्याला मागितले तेवढे द्या, पण त्याच्या मेव्हण्याला जामीन घेऊ नका. हे कुठल्याही परिपत्रकात नसते. हे माणसाकडून माणसाकडे जाते, आणि त्यासाठी दोघांनी काही दिवस एका टेबलाशी बसावे लागते.

२०००-०१ साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली तेव्हा देशभरातून सुमारे एक लाख लोक वर्षभरात बाहेर पडले. मी तेव्हा मावळातल्याच एका शाखेत होतो. आमच्याकडचे तीन अनुभवी लोक एकाच महिन्यात गेले. निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ झाला, फोटोही निघाले. सोमवारी सकाळी मात्र तिजोरी उघडल्यावर एका कर्जदाराची मूळ गहाणखत-फाइल कोणत्या कपाटात आहे हे सांगणारा माणूस शाखेत उरला नव्हता. फाइल सापडली, पण पंधरा दिवसांनी. जाणाऱ्यांत कोणी वाईट नव्हते, येणारेही हुशार होते. फक्त दोघे एका वेळी एका खोलीत कधी नव्हते.

क्रिकेटमध्ये ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. जानेवारी १९८४, सिडनी. पाकिस्तानविरुद्धच्या एकाच कसोटीनंतर ग्रेग चॅपल, डेनिस लिली आणि रॉडनी मार्श तिघे निवृत्त झाले. चॅपलने जाता जाता १८२ धावा काढून ब्रॅडमनच्या एकूण धावा ओलांडल्या. लिलीचे बळी ३५५ आणि यष्टींमागे मार्शचे बळीही ३५५. असा योगायोग कादंबरीत लिहिला तर संपादक खोडून टाकेल. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कर्णधार किम ह्यूज राजीनाम्याचे निवेदन वाचताना रडू लागला. ते पुरे न वाचताच त्याने खोली सोडली. वेस्ट इंडीजने मधल्या काळात ऑस्ट्रेलियाला पार चोळामोळा केले होते. पुढे काही खेळाडू बंडखोर दौऱ्यावर दक्षिण आफ्रिकेत गेले ती आणखी वेगळी फूट. ॲलन बॉर्डरच्या गळ्यात कर्णधारपद पडले ते त्याने मागितले म्हणून नव्हे.

त्या पडझडीतून ऑस्ट्रेलिया कसा उभा राहिला ह्याच्या गोष्टी नंतर फार रंगवून सांगितल्या गेल्या. माझ्या मते त्यात चमत्कार काही नव्हता. त्यांनी काही पोरे निवडली आणि त्यांना खेळवत ठेवले, एवढेच. डिसेंबर १९८५ मध्ये मेलबर्नला आपल्याविरुद्ध स्टीव्ह वॉ नावाचा वीस वर्षांचा मुलगा पहिली कसोटी खेळला. त्याचे पहिले शतक कधी झाले? १९८९ मध्ये, हेडिंग्लेला, सत्ताविसाव्या कसोटीत. सव्वीस कसोट्या शतकाविना! आपल्याकडे कोणाला सव्वीस कसोट्या मिळतील? सहाव्या कसोटीनंतर त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह, आठव्यानंतर काट. बॉर्डर टोकाला उभा होता म्हणून वॉला चुका करण्याची मुभा मिळाली. १९८७ च्या नोव्हेंबरात कोलकात्याला ह्याच संघाने विश्वचषक जिंकला, आणि १९८९ मध्ये इंग्लंडला त्यांच्याच घरात ४-० असे लोळवले. सिडनीपासून इथवर साडेपाच वर्षे गेली.

आणि एवढे शिकलेल्या ऑस्ट्रेलियाने तीच गोष्ट पुन्हा केली. जानेवारी २००७, पुन्हा सिडनी. वॉर्न, मॅकग्रा आणि लँगर एकाच कसोटीनंतर गेले. वॉर्नचे ७०८ बळी. त्याची जागा भरायला पुढची साडेचार वर्षे ऑस्ट्रेलियाने जवळजवळ डझनभर फिरकी गोलंदाज आजमावले. त्यांतला एक आपल्या विदर्भाला चांगला ठाऊक आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूरच्या जामठ्याला जेसन क्रेझाने पदार्पणातच सामन्यात बारा बळी घेतले; दुसऱ्या डावात सौरव गांगुलीला पहिल्याच चेंडूवर बाद केले, आणि ती गांगुलीची शेवटची कसोटी होती. एक माणूस निघाला होता, एक येऊ पाहत होता. क्रेझाला त्यानंतर आणखी एकच कसोटी मिळाली. अखेर २०११ मध्ये ॲडलेडच्या मैदानाची निगा राखणाऱ्यांतला नेथन लायन सापडला. वॉर्नने जाण्याआधी दोन वर्षे त्याच्यासारखा एखादा मुलगा त्याच्या टोकाशी उभा केला असता, तर एवढी पायपीट झाली नसती असे मला वाटते. तोवर मागल्या बाकावरचा स्टुअर्ट मॅकगिल होता. पण तो पिढीतलाच, आणि २००८ मध्ये तोही थकला.

त्या धडपडीत आत आलेल्यांपैकी एक लेगस्पिनर २०१० मध्ये लॉर्ड्सला आठव्या क्रमांकावर फलंदाजीला उतरला होता. त्याचे नाव स्टीव्ह स्मिथ. गोलंदाज म्हणून त्याचे पुढे फारसे काही झाले नाही. सात वर्षांनी तो कर्णधार म्हणून आमच्या गहुंजेला आला.

ही फेब्रुवारी २०१७ ची कसोटी आम्हा मावळातल्या लोकांना अपमानासारखी आठवते. मैदानावरची पहिलीच कसोटी, आणि २४ तारखेला महाशिवरात्र. उपवासाची खिचडी खाऊन लोक टीव्हीसमोर बसले, तेव्हा भारत ३ बाद ९४ होता. पुन्हा पाहिले तेव्हा सर्व बाद १०५. शेवटचे सात बळी अकरा धावांत. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले, स्मिथने दुसऱ्या डावात १०९ काढल्या, आणि आपण ३३३ धावांनी हरलो. खेळपट्टीला आंतरराष्ट्रीय मंडळाने 'निकृष्ट' असा शेरा दिला. तो खराच होता. पण तीच खेळपट्टी दोघांनाही मिळाली होती.

तो ऑस्ट्रेलियन संघ कोणत्या अवस्थेत इथे आला होता हे त्या गदारोळात कोणी फारसे पाहिले नाही. २०१५ मध्ये पाच महिन्यांच्या काळात क्लार्क, रॉजर्स, हॅडिन, वॉटसन, हॅरिस आणि जॉन्सन असे सहाजण कसोटीतून गेले होते. त्याचे बिल वर्षभराने आले. नोव्हेंबर २०१६ मध्ये होबार्टला ८५ धावांत खुर्दा आणि डावाने पराभव. निवड समितीच्या अध्यक्षाने राजीनामा दिला. तो अध्यक्ष म्हणजे १९८४ मध्ये सिडनीला निवृत्त झालेला तोच रॉडनी मार्श. पुढच्याच कसोटीत तीन नवे फलंदाज एकदम उतरवले. ॲडम व्होजेसला वगळले. ह्या व्होजेसची कहाणी मोठी चटका लावणारी आहे : पस्तिसाव्या वर्षी पहिली कसोटी, तीत नाबाद १३०, वीस कसोट्यांत सरासरी ६१.८७, आणि गहुंजेची कसोटी सुरू होण्याच्या दहाएक दिवस आधी निवृत्ती. नव्या तिघांपैकी मॅडिन्सन तीन कसोट्यांत संपला. हँड्सकोम्ब टिकला आणि त्याच मालिकेत रांचीला त्याने शॉन मार्शबरोबर दिवसभर खिंड लढवून कसोटी वाचवली. तिसरा मॅट रेनशॉ, वय वीस. गहुंजेला पहिल्या दिवशी ३६ धावांवर त्याचे पोट बिघडले आणि बिचारा खेळ सोडून पळत तंबूत गेला. सगळे हसले. पण तो परत आला आणि ६८ धावा करून गेला. पोट सावरून परत येणाऱ्या त्या पोराचे मला कौतुक वाटते. ती मालिका आपण २-१ अशी जिंकली हेही सांगितले पाहिजे.

आता आपल्या घरात डोकावू. निवृत्तीच्या बाबतीत आपल्याकडे एक वाक्य पूज्य मानले जाते : लोकांनी 'का जातोस' म्हणावे तेव्हा जावे, 'का जात नाहीस' म्हणेपर्यंत थांबू नये. ते विजय मर्चंट ह्यांच्या नावावर सांगतात. मर्चंट स्वतः १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढून गेले, चाळिसाव्या वर्षी. ती त्यांची सर्वोच्च खेळी होती आणि खांदा दुखावला नसता तर कदाचित आणखी खेळले असते. वाक्य सुंदर आहे. पण त्यात जाणाऱ्याच्या अब्रूचा विचार आहे, मागे राहणाऱ्यांच्या सोयीचा नाही. सुनील गावसकरने ते अक्षरशः पाळले. मार्च १९८७ मध्ये बंगळूरच्या भिंगरीसारख्या खेळपट्टीवर ९६ धावा. भारत सोळा धावांनी हरला, आणि त्यानंतर गावसकर कसोटी खेळला नाही. अशी एक्झिट नाटकात मिळायची नाही. पण मग पुढची पंधरा वर्षे आपण सलामीला कोणाकोणाला पाठवले ते आठवा. नवज्योत सिद्धूचा सन्माननीय अपवाद सोडला तर यष्टिरक्षक झाले, मधल्या फळीतले झाले, नवा चेंडू टाकणारा मनोज प्रभाकरही झाला. २००२ मध्ये लॉर्ड्सला सेहवाग सलामीला आला तेव्हा ती रांग थांबली. गावसकरने अब्रू राखली. चार्ज घेणारा मात्र कोणी समोर नव्हता. आणि हा दोष त्याचा नव्हे. घेणारा माणूस शोधून समोर बसवणे हे हेड ऑफिसचे काम असते.

हेड ऑफिस काय करू शकते ते अजित वाडेकरांच्या बाबतीत दिसले. वाडेकर स्टेट बँकेचे, म्हणजे आमच्याच पंथातले. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड अशा दोन मालिका परदेशात जिंकल्या तेव्हा मी शाळेत होतो आणि आमच्या गल्लीतला प्रत्येक डावखुरा वाडेकर झाला होता. १९७४ मध्ये इंग्लंडने ३-० असे हरवले, लॉर्ड्सला सर्व बाद ४२. परतल्यावर त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले आणि त्यांनी खेळच सोडला. तीन वर्षांपूर्वी ज्याच्या स्वागताला गर्दी झाली त्याला आपण ह्या रीतीने घरी पाठवले. सुदैवाने त्यांना बँकेतले टेबल होते. नव्वदच्या दशकात ते संघाचे व्यवस्थापक म्हणून परत आले आणि कुंबळे, सचिन, कांबळीच्या पिढीला त्यांचा हात लाभला. म्हणजे चार्ज दिला गेला, पण अठरा वर्षे उशिराने.

एकदा मात्र आपल्याला हे जमले आहे. कुंबळे आणि गांगुली २००८ मध्ये, द्रविड आणि लक्ष्मण २०१२ मध्ये, सचिन १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर. पाच मोठी माणसे पाच वर्षांत पसरून गेली. अश्विन आला तेव्हा सचिन, द्रविड, लक्ष्मण आत होते. कोहलीने दोन वर्षे सचिनच्या शेजारी बसून काढली. सचिन गेल्यावर महिनाभराने जोहान्सबर्गला तो चौथ्या क्रमांकावर गेला आणि ११९ व ९६ धावा काढून आला. रोहित तर सचिनच्या निरोपाच्या मालिकेतच पदार्पण करून कोलकात्याला १७७ आणि मुंबईला नाबाद १११ काढून बसला होता. ह्या सावकाशीची किंमतही आपण मोजली : २०११ मध्ये इंग्लंडमध्ये चार आणि लगेच ऑस्ट्रेलियात चार अशा आठच्या आठ कसोट्या हरलो, कारण थकलेल्यांना एकाच वेळी खेळवत राहिलो. तरीही ती किंमत मला स्वस्त वाटते. त्यानंतरची बारा वर्षे मायदेशात आपल्याला कोणी हात लावू शकले नाही.

मग वयाची अट घालावी काय? पस्तिशी झाली की नारळ? हे सुचवणाऱ्यांना पुण्याने एकच नाव सांगावे : प्रा. दि. ब. देवधर. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी दोन वर्षे रणजी करंडक जिंकला तो त्यांच्या नेतृत्वाखाली, आणि दुसऱ्या वर्षी पुण्यात मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे बावन्न उलटल्यावर एकाच सामन्यात दोन शतके. पण देवधरांचा मोठेपणा नुसत्या टिकण्यात नव्हता. त्यांच्याच संघात १९३९-४० मध्ये चोविशीतल्या विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. म्हातारा कर्णधार आणि तरणा त्रिशतकवीर एका संघात मावत होते. म्हाताऱ्याने जागा अडवली अशी तक्रार तेव्हा करता आली नसती.

जागा अडवणारे कसे असतात ते मावळात पाहायचे तर जानेवारी-फेब्रुवारीत यावे. भात निघालेल्या खाचरांत बांध सपाट करून टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. प्रत्येक गावच्या संघात एक 'भाऊ' असतो. वय चाळिशीच्या पुढे, पोट पट्ट्याच्या पुढे. बॅट त्याची, टी-शर्ट त्याने दिलेले, जेवणही त्याचे. त्यामुळे सलामीला तोच आणि शेवटचे षटकही त्याचेच. पोरे मागे 'भाऊ, थांबा आता' म्हणतात, समोर 'भाऊ, तुम्हीच जा' म्हणतात. थोरल्या क्रिकेटमध्ये बॅटच्या जागी जाहिराती असतात, बाकी फरक थोडा.

आता पुन्हा रोहितकडे. बोरिवलीचा हा मुलगा, मराठीत सहज बोलणारा, जून २०२४ मध्ये ट्वेंटी-२० चा विश्वचषक जिंकून देणारा. त्या प्रकारातून तो त्याच दिवशी निवृत्त झाला. फार शोभून दिसले ते. कसोटीत मात्र गहुंजेनंतर ऑस्ट्रेलियात पाच डावांत ३१ धावा झाल्या आणि सिडनीच्या कसोटीत कर्णधारानेच स्वतःला बाहेर ठेवले. नंतर जानेवारीत तो मुंबईकडून रणजीचा सामना खेळला, ३ आणि २८. मला त्याच्याबद्दल राग नाही. माझी तक्रार अशी की गहुंजेच्या त्या शनिवारीच हे स्पष्ट दिसत असताना कोणी टेबलाशी बसून तारखा ठरवल्या नाहीत. अमका ऑस्ट्रेलियानंतर, तमका इंग्लंडनंतर, आणि ज्याला चार्ज घ्यायचा आहे तो दोघांबरोबर एक-एक मालिका खेळेल, असे कोणी म्हटले नाही. इंग्लंडचा दौरा जूनमध्ये होता आणि मे महिन्यात दोघे गेले.

इंग्लंडमध्ये शुभमन गिलच्या पोरांनी डोळे दिपवले हे खरे. बर्मिंगहॅमला गिलच्या २६९ आणि १६१, मालिकेत त्याच्या एकट्याच्या ७५४ धावा, ओव्हलला सहा धावांनी जिंकून २-२ अशी बरोबरी. झाले! लगेच लेख आले की संघ एका उन्हाळ्यात उभा राहिला, जुन्यांची गरज कोणाला होती. मी तेव्हा वाट पाहायची ठरवली, कारण स्वेच्छानिवृत्तीनंतरची पहिली तिमाही बँकेतही चांगलीच गेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिका आली. कोलकात्याला १२४ धावांचा पाठलाग करताना आपण ९३ धावांत आटोपलो. गुवाहाटीला ४०८ धावांनी हरलो. सायमन हार्मरने दोन कसोट्यांत सतरा बळी घेतले. गिल मान आखडून बाहेर होता हे मान्य. पण वळणाऱ्या खेळपट्टीवर चौथ्या डावात शंभर-सव्वाशे धावा कशा काढायच्या, हे तुम्हाला पुस्तकात सापडत नाही. ते गुलाबवाल्याच्या मार्चमधल्या हप्त्यासारखे असते.

कोणी म्हणेल, तारीख सांगून गेले तरी काय होते? डेव्हिड वॉर्नरने सहा-सात महिने आधी सांगितले होते की मला जानेवारी २०२४ मध्ये सिडनीला थांबायचे आहे, आणि तो तसाच थांबला. तरी त्याच्या जागी ऑस्ट्रेलियाने आधी स्मिथला सलामीला ढकलले, मग मॅकस्वीनीला तीन कसोट्या दिल्या, मग एकोणीस वर्षांच्या कॉन्स्टासला आणले. आक्षेप योग्य आहे. पण त्या सहा महिन्यांत वॉर्नरच्या टोकाला घेणारा माणूस उभा केला गेला नव्हता. नुसती तारीख म्हणजे निवृत्तीचा आदेश. चार्ज रिपोर्टवर दुसरी सही लागते.

ती दुसरी सही अलीकडे मी एका माणसाच्या बाबतीत पाहिली. अजिंक्य रहाणे. डोंबिवलीहून किट घेऊन लोकलने जाणारा, जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला जिंकलेला कर्णधार. ८५ कसोट्या, ५०७७ धावा; शेवटची कसोटी जुलै २०२३ मध्ये आणि नंतर बोलावणे नाही, निरोपही नाही. दुसरा असता तर कडवट झाला असता. हा मुंबईला परत गेला, मार्च २०२४ मध्ये रणजी करंडक जिंकून दिला, ऑक्टोबरात सत्तावीस वर्षांनी इराणी करंडकही आणला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, त्याने सांगितले की नवा कर्णधार घडवायची वेळ झाली आहे, मी कर्णधारपद सोडतो. फलंदाज म्हणून मात्र खेळत राहीन. कोणी मागितले नव्हते, कोणी ढकलले नव्हते. कर्णधारपद पालघरच्या शार्दूल ठाकूरकडे गेले.

ऑक्टोबरात श्रीनगरला मुंबईचा हंगामातला पहिला सामना जम्मू-काश्मीरशी झाला. ह्याच संघाने जानेवारीत मुंबईला तिच्या घरी हरवले होते, तेव्हा नाणेफेकीला रहाणे गेला होता. ह्या वेळी शार्दूल गेला. मुंबई ३५ धावांनी जिंकली, आणि जुना कर्णधार नव्याच्या हाताखाली त्या अकरांत होता.